तिथे बोलायचं नाही

४ फेब्रुवारी

काच आली. दोघांनी मिळून तान्हं मूल आणावं तशी जपून आणली आणि थेट माझ्या टेबलावर, माझ्या तबकडीला खेटून उभी केली. विचारायची पद्धतच नाही! मी चहाचा कप वेळेवर उचलला म्हणून, नाहीतर तोही काचेखाली गेला असता.

बसवायला आलेला माणूस पन्नाशीचा. टक्कल, मऊ आवाज, पायात आवाज न करणारे बूट. नाव सांगितलं होतं त्यानं, पण मी मनातल्या मनात ‘काचवाला’ ठेवून मोकळी झाले. म्हणाला, "ताई, आता सगळं तारांगण या एका काचेत. नुसतं बोट लावायचं."

मी म्हटलं, "आणि ही?" — तबकडीकडे बघून.

तो हसला फक्त. असलं हसू मला बरोबर कळतं.

६ फेब्रुवारी

मोठ्या बाईंनी खोलीत बोलावलं आणि स्वतः उठून दार लावलं. संचालक बाई स्वतः दार लावतात म्हणजे बातमी वाईटच असते.

काचेच्या त्या नव्या कॉम्प्युटरबरोबर तयार खेळ येतात म्हणे. संगीतासकट, भारदस्त आवाजासकट. बटण दाबलं की आकाश सुरू, संपलं की दिवे. तारांगण चालवणाऱ्या मंडळाचा प्रश्न असा की मग घुमटात बोलायला आणि आकाश फिरवायला माणूस कशाला? महिनाअखेरीस मंडळ येऊन माझा खेळ बघणार. तोही नव्या कॉम्प्युटरवर. पटला तर हाताचा खेळ चालू राहील. नाही पटला तर मी खाली प्रदर्शनात. पाट्या लिहायला!

"मी तुझ्याच बाजूने आहे गं," बाई म्हणाल्या. "पण त्यांना असं काहीतरी दाखव, जे मशीन करत नाही."

अख्खा जन्म घुमटाखाली गेला, आणि आता पाट्या. ‘कृपया काचेला हात लावू नये’ — ही पहिली पाटी मी आवडीने लिहीन.

७ फेब्रुवारी

तबकडीबद्दल लिहून ठेवते. उद्या भंगारात गेली तर निदान इथे तरी राहील.

पितळी आहे. बशीएवढी. काठाला खाचा, त्या अंगठ्याच्या बाजूला पार झिजून गुळगुळीत झाल्यात. तिच्या शेजारी छोटे नॉब — सूर्याचा, चंद्राचा, ताऱ्यांच्या उजेडाचा, पहाटेच्या लालीचा. घुमटात मिट्ट काळोख असतो, म्हणून प्रत्येकाची ओळख वेगळी. चंद्राच्या नॉबला चिकटपट्टी गुंडाळलेली, लालीच्या नॉबचा टवका उडालेला. हात बरोबर जातो. डोळे वरच राहतात, लोकांबरोबर.

तबकडीचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक दिवस. मावळतीच्या खुणेपासून सुरू करायचं. हात जेवढा फिरेल तेवढंच आकाश फिरतं. मागे मात्र फिरवायची नाही, घुमटाच्या मधोमधच्या, तारे पाडणाऱ्या जुन्या गोळ्याला ते सोसत नाही. रात्र सरत येते, आणि उजाडायच्या जरासं आधी ती जागा येते. तिथे तबकडी एकदम हलकी लागते. पोकळ. आणि आकाश थांबतं. आपोआप, क्षणभर.

माझ्या आधी हे काम करायचे त्यांना आम्ही ‘थोरले’ म्हणायचो. मी नवी असताना अंधारात त्यांनी माझा हात तबकडीवर ठेवला आणि फिरवला. ती जागा आल्यावर कानाशी म्हणाले, "इथे आकाश श्वास घेतं. इथे बोलायचं नाही."

बस, एवढंच शिक्षण! बाकी सगळं मी पुस्तकातून शिकले, पण हे कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. तेव्हापासून त्या जागी मी गप्प होते आणि माझ्याबरोबर सगळा घुमट गप्प होतो. खोकणारा खोकायचा थांबतो. मग लालीचा नॉब हळूच वर घेते. आमच्यात याला ‘उजाडवणं’ म्हणतात. ज्यांनी ही तबकडी बनवली त्यांनी ती जागा मुद्दाम ठेवली असणार. केवढी माणसं असतील ती! नुसतं यंत्र बनवून थांबली नाहीत, त्याला श्वास दिला.

९ फेब्रुवारी

फजिती! लिहितानाही कान गरम होतायत.

पहिल्यांदाच काचेवर खेळ केला. रात्रभर सगळं सुरळीत. पहाट जवळ आली आणि मी सवयीने बोट उजवीकडे नेलं, तबकडी नेते तसं. पण काचेवर बोट आकाशाला फिरवत नाही, आकाशालाच धरून ओढतं! उजवीकडे ओढलं की सगळं उलटं. रात्र भराभर मागे पळाली, तारे आले तसे परत गेले, आणि भरल्या घुमटात, सगळ्यांच्या देखत, पश्चिमेकडून सूर्य वर आला.

मग मागून एकानं टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच. त्यांना वाटलं खेळच तसा आहे!

खरं सांगू? मी लाजेनं मेले, पण अंगावर काटाही आला. संध्याकाळच त्या कडेवर उलटी उमलत होती. माणसाच्या डोळ्यांनी न बघायची गोष्ट मी बघितली, असं वाटलं.

१० फेब्रुवारी

तिकीटवाली सकाळी सकाळी — "काय हो, आज कुठून उगवणार?"

संध्याकाळी घरी आमचे हे कोणी न सांगता भांडी घासायला उभे! मी म्हटलं, "अगंबाई, सूर्य पश्चिमेला उगवला की काय?" तर म्हणतात, "काल तूच नाही का उगवून दाखवलास!"

१३ फेब्रुवारी

काचेचा राग राग करायचा असं ठरवून गेले होते. जमलं नाही.

सकाळी घुमट रिकामा होता. काचवाला म्हणाला, "ताई, जरा वेळ बसा. खेळ नाही, परीक्षा नाही. शनी शोधा." शोधला. ठिपका. म्हणाला, "आता अंगठा आणि बोट ठेवा त्याच्यावर. आणि उघडा." चिमूट उघडली, आणि तो ठिपका माझ्याकडे यायला लागला! मोठा, आणखी मोठा, कडी दिसायला लागली, कड्यांमधली फट दिसायला लागली, मग पूर्ण घुमटभर शनी. मी खुर्चीत मागे सरकले, अंगावर येईल म्हणून. चिमूट मिटली की गेला परत आपल्या जागी. गुपचूप.

जुन्या गोळ्यावर शनी म्हणजे एक बारीक दिवा. जन्मभर लोकांना सांगत आले, "याला कडी आहेत बरं का." आणि लोकांनी ते माझ्या शब्दावर मानलं. आज तो माझ्या चिमटीत होता.

नंतर त्यानं पृथ्वी सोडायला सांगितली. मी बोट वर सरकवलं. जमीन खाली गेली, समुद्र गेले, आपण सगळे एका निळ्या टिकलीत बसलो. मी घाबरून म्हटलं, "परत कसं यायचं?" तो म्हणाला, "तुमच्या बोटावर आहे."

मग म्हणाला की ही काच दाबाने चालत नाही. पेनानं दाबा, लाकडी पट्टीनं दाबा, ढिम्म. जिवंत कातडी लागते तिला. कातडीत बारीकशी वीज असल्यासारखं काहीतरी तिला जाणवतं. मी पेनाचं टोक लावून पाहिलं. खरंच, ढिम्म! बोट लावलं, आकाश हललं.

म्हणजे तबकडीला माझा हात कळतो असं मी समजत होते, पण ती कोणाच्याही कोपरानं फिरेल. काचेला मात्र जिवंत माणूसच लागतो. हे मला आवडलं नाही. आणि फार आवडलं.

१४ फेब्रुवारी

ह्यांना ते सगळं सांगितलं. ह्यांच्या बेकरीत गेल्या वर्षी नवी भट्टी आली, तिलाही काचच. हे म्हणाले, "जिवंत माणूस लागतो ना? मग आमच्या भट्टीच्या लेखी मी कधीच गेलो! हाताला पीठ असलं की ओळखच देत नाही. काल शेवटी नाकानं दाबलं."

हसून हसून पोट दुखलं. मग हे गंभीर झाले. म्हणाले, जुन्या भट्टीचं बटण पाव भाजायला टाकता टाकता मागच्या मागे फिरवायचो, कुठपर्यंत आलं ते मनगटाला कळायचं. आता पाव सोडून आधी तिचं तोंड बघायला लागतं.

१७ फेब्रुवारी

ती जागा काचेवर येत नाही.

आज तीन वेळा प्रयत्न केला, तीनही वेळा आकाश सुळकन पुढे गेलं. अडकत नाही, हलकं होत नाही, काही सांगत नाही. बोटाखाली सगळी रात्र सारखीच, बर्फावरून सरकल्यासारखी. आणि वर बघायची सोय नाही. नजर काचेवर नसली की बोट भलतीकडे. काचेचा उजेड तोंडावर पडतो तो वेगळाच. पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "ती बाई बघ, भूत दिसतेय!" लोक ताऱ्यांकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होते.

मी बोलत राहिले. थांबायचं कुठे तेच कळेना. मग उजाडलं. दिवा लागतो तसं उजाडलं.

‘मशीन करत नाही ते दाखव.’ माझ्याकडे दाखवण्यासारखं एकच होतं, आणि ते त्या पितळेत राहिलंय. मंडळासमोर काय उजाडवू, कपाळ माझं?

१९ फेब्रुवारी

जुना गोळा अजून मधोमध उभा आहे, मंडळाचा खेळ झाला की काढणार. आज दुपारी तबकडीवरच खेळ केला. मनाची समजूत म्हणून. काचवाला शेवटच्या रांगेत येऊन बसला होता, मला माहीत नव्हतं.

खेळ संपला, लोक गेले, हा उठेना. मी जवळ गेले.

"ताई, उजाडायच्या आधी काय झालं ते?"

"काय झालं?"

"आकाश थांबलं."

"तिथे बोलायचं नाही, आकाश श्वास घेतं तिथे," मी म्हटलं. म्हटलं आता हसणार. कॉम्प्युटरचा माणूस! नाही हसला. टकलावरून हात फिरवत म्हणाला, "माझा थांबला होता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो चांगला माणूस आहे. उगाच त्याला नावं ठेवली.

मग त्याला तबकडीजवळ आणलं. त्यानं ती फिरवली, डोळे मिटून, फार हळू. त्या जागी आल्यावर त्याच्या कपाळावर आठी पडली. परत एक फेरा मारून त्याच जागी आणली. मी विचारलं, "हिला तुमच्या कॉम्प्युटरशी बोलता येईल का?"

"येईल. पण उघडावी लागेल."

हो म्हटलं. फक्त म्हटलं, माझ्यासमोर उघडू नका.

२२ फेब्रुवारी

टेबलात भोक. त्यावर त्यानं पुठ्ठा ठेवलाय. हात सारखा तिकडे जातो आणि पुठ्ठ्यावर आपटतो.

२४ फेब्रुवारी

आली! जोडली त्यानं! बाहेरून तीच, त्याच झिजलेल्या खाचा. खालून मात्र बारीक वायर निघून कॉम्प्युटरमध्ये गेलीय.

घुमट बंद करून पूर्ण फेरा मारला. नवं आकाश, जुना हात. किती तारे! जुन्या गोळ्यावर होते त्याच्या कितीतरी पट, धुरळा उडावा तसे. आणि सगळे माझ्या तळव्याबरोबर वळत होते. पुटपुटत होते मी, नेहमीसारखी. ती जागा आली. तबकडी हलकी झाली, पोकळ, अगदी तीच. आकाश थांबलं. एवढं मोठं आकाश, आणि थांबलं!

मी रडले, चक्क हुंदके देऊन. दिवे लावले तर काचवाला कॉम्प्युटरपाशी उभा. माझ्याकडे बघत होता, मग पडद्यावरच्या आकड्यांकडे, मग परत माझ्याकडे. काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात मोठ्या बाईंची हाक आली आणि ते राहिलं.

२६ फेब्रुवारी

उद्या मंडळ. साडी इस्त्री केली. घसा खवखवतोय, हे मीठ-पाणी घेऊन मागे लागलेत. जेवण गेलं नाही.

२७ फेब्रुवारी

राहिला! हाताचा खेळ राहिला! पाट्या गेल्या खड्ड्यात!

नीट लिहिते.

मंडळातले सगळे पुढच्या रांगेत, बाकी घुमट नेहमीच्या लोकांनी भरलेला. अध्यक्ष मोबाइलमध्ये तोंड घालून बसले होते. मी दिवे मालवले तरी त्यांचं तोंड निळं दिसत होतं. म्हटलं, चला, इथे मी एकटीच भूत नाही.

उजवा हात तबकडीवर, डावा काचेवर. काचेचा उजेड काचवाल्यानं पार निखाऱ्याएवढा करून दिला होता. मावळवलं. तारे आणले. मग डाव्या चिमटीनं शनी धरला आणि सावकाश उघडला. घुमटभर एक आवाज झाला, सगळ्यांनी एकदम श्वास ओढल्याचा. अध्यक्षांचा मोबाइल कधी बंद झाला मला कळलं नाही. पृथ्वी सोडली. लांब नेलं सगळ्यांना, ती निळी टिकली दाखवली आणि म्हटलं, "आत्ता तुमच्या घरी जे कोणी आहे, ते तिथे आहे." मग परत आणलं. बोटानं! मंडळासकट सगळी माणसं मी एका बोटावर जमिनीला टेकवली.

त्यानंतर काच सोडली आणि फक्त तबकडी. रात्र सरकवत गेले. बोलत होते, कोणता तारा कुठे चाललाय, कोण मावळतोय. कळत होतं की जवळ येतंय. तळव्याला आधी कळतं.

ती जागा आली.

मी गप्प झाले. आकाश थांबलं. आणि घुमटात इतकी माणसं असून कोणीच नव्हतं असं वाटलं, किंवा सगळे मिळून एकच कोणीतरी होतं. इतकी वर्षं रोज करत आलेय, पण आज मलाच भीती वाटली की ते परत सुरू होणार नाही. किती मोठं आहे हे, आणि किती थोडक्यावर थांबतं! मग हाताला जड लागलं. लाली वर घेतली. उजाडलं.

दिवे लागल्यावर अध्यक्ष उठले. वाटलं आता खर्चाचं काढणार. तर म्हणाले, "ते थांबणं. ते तयार खेळात बसवता येईल का?" काचवाला म्हणाला, "नाही येणार." जरा घाईघाईनंच म्हणाला. अध्यक्षांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. "मग यांनाच राहू द्या. आणि तो जुना नॉब पण राहू द्या, त्याच्यातच जादू आहे."

माझा जीव भांड्यात पडला. बाईंनी सगळ्यांच्या देखत मिठी मारली. सगळे गेल्यावर मी तबकडीवर डोकं टेकलं. म्हटलं, बाई गं, वाचवलंस.

१ मार्च

काचवाला आज निरोप घ्यायला आला. माझ्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. उघडलं तर लहानसं दातेरी चाक, तेलकट, काळं. एका जागी दात नाही. तुटलेला.

"तुमच्या तबकडीतलं," तो म्हणाला. "तुटक्या दातावर आलं की हात फिरायचा पण पुढचं चाक फिरायचं नाही. तेवढा वेळ आकाश थांबायचं."

थोरल्यांचं ते वाक्य, माझी ती शांतता, लोकांचे रोखलेले श्वास — सगळं एका मोडक्या दातापायी?

"पण मंडळासमोर थांबलंच की!"

"हे चाक मी तबकडी जोडतानाच काढून टाकलंय, ताई. आत आता दातच नाहीत. नुसतं गुळगुळीत फिरतं. सांगायला आलो होतो त्या दिवशी, पण तुम्ही फिरवायला लागलात, आणि आकड्यांत बघतो तर त्या जागी तुमचा हातच थांबला होता. म्हटलं, इथे बोलायचं नाही."

तो गेल्यावर संध्याकाळच्या खेळाला मी तबकडीला हात लावला नाही. काचेवर एक बोट ठेवलं, डोळे वर, बोलत राहिले. ती जागा आली तेव्हा बोट हलकं झालं, आणि आकाश थांबलं.